वेताळ म्हणून पुजलेला दगड वीरगळ निघतो तेव्हा

देवळामागे नाहीतर वेशीवर शेंदूर फासलेला एखादा उभा दगड असतो, गावात विचारलं तर कोणी वेताळ म्हणतं कोणी म्हसोबा, आणि जवळ जाऊन नीट बघितलं तर तो वीरगळ निघतो. लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. थडगं नव्हे बरं का, खाली कोणी पुरलेलं असेलच असं नाही. शब्द कानडीतून आलाय, कल् म्हणजे दगड.

वाचायचा तो खालून वर. तळाला लढाई किंवा आडवा पडलेला वीर, तिथेच गाई कोरलेल्या असतील तर समजायचं की गुरं पळवणाऱ्यांना अडवताना गेला, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. गंमत अशी की नाव सहसा कोरलेलंच नसतं! शिलाहार-यादवांच्या काळातले बरेच सापडतात, पण लेख नसल्यामुळे नक्की साल सांगणं अवघड. मला वाटतं सगळा घोळ इथूनच सुरू झाला, नाव नाही म्हणून माणूस विसरला गेला आणि दगडाचा देव झाला. देव झाला म्हणून तो वाचलाही, ज्यांना शेंदूर लागला नाही ते कुठे धुण्याला गेले, कुठे पायरीला, कुठे शेताच्या बांधात.

नोंदी ठेवायचं काम इंग्रजी अमलात सुरू झालं. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांचं वर्णन आहे, त्यावर चक्क वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरलीये. काही अभ्यासक ती शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली मानतात, सगळ्यांना ते पटत नाही. पुढे १९८२ मध्ये सेट्टर आणि सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा जाडजूड ग्रंथ आला. जुनी स्मारकं जपण्याचा केंद्राचा कायदा १९५८ चा आहे, पण त्यातलं संरक्षण जाहीर केलेल्या स्मारकांना, आणि गावोगावचे सुटे दगड बहुतेक त्या यादीत नाहीतच.

आता खरी भीती जीर्णोद्धाराची. जुनं देऊळ पाडून आरसीसीचं बांधतात, वीरगळ भिंतीत चिणतात नाहीतर ऑइलपेंट मारतात. उत्साही मंडळी उचलून बागेत ओळीने मांडतात तेही तितकंच वाईट, कारण नाव नसलेल्या दगडाची निम्मी माहिती त्याच्या जागेत असते, म्हणजे वेशीवर होता की खिंडीत, तोंड कुठल्या दिशेला होतं, शेजारी कोपरातून वाकलेल्या, बांगड्या भरलेल्या हाताची सतीशिळा होती का. हलवणं अगदीच टळत नसेल तर आधी फोटो, मापं, मोबाईलवरून लोकेशन घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ते त्या दगडाला काय म्हणतात तेही लिहून ठेवा, भले ते वेताळ का म्हणेनात.