मॅन्युअल गाडी, रिमोट स्टार्ट आणि न्यूट्रलचा पुरावा

ऑटोमॅटिक गाडीला रिमोट स्टार्टर (लांबून बटण दाबून इंजिन सुरू करणारं यंत्र) बसवणं हा मुख्यतः वायरिंगचा मामला असतो. मॅन्युअल गाडीत मात्र वायरला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: गाडीत कोणी नसताना सेल्फ मारायचा, तर गिअर न्यूट्रलमध्येच आहे याची हमी कुणी द्यायची?

ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'पार्क'मध्ये असल्याचं गिअरबॉक्सकडून थेट कळतं. शिवाय पार्कमध्ये एक पोलादी खटका गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्टच अडकवून ठेवतो. साध्या मॅन्युअल गाडीत यातलं काहीच नसतं. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लावणारा एक स्विच असतो, तेवढाच. पहिला गिअर आहे, तिसरा आहे की न्यूट्रल, हे गाडीच्या वायरिंगला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं लिव्हर हलवून बघणाऱ्या हाताला, आणि रिमोटने गाडी सुरू होते तेव्हा तो हात गाडीपासून लांब असतो.

गिअर पडलेला असताना सेल्फ लागला तर काय होईल, याचा हिशोब करून बघू. स्टार्टर मोटर दिसायला लहान असते, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती सुरुवातीच्या क्षणी शेकडो अँपिअर ओढते. तिच्या टोकाचं छोटं दातेरी चक्र फ्लायव्हीलच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) कडेवरच्या मोठ्या चक्रात जाऊन बसतं, आणि मोटरच्या दहा-पंधरा फेऱ्यांमागे इंजिनाचा एक फेरा होतो. अशा रीतीने ती इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देते. आता क्लच दाबलेला नाही आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे असं समजा. पहिला गिअर आणि डिफरन्शियल (चाकांना फिरवणारा शेवटचा गिअरसंच) मिळून इंजिनाच्या सुमारे १४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. म्हणजे चाक मिनिटाला १४ वेळा फिरेल. चाकाचा घेर १.९ मीटर धरला, तर गाडी मिनिटाला २७ मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४५ सेंटीमीटर पुढे सरकेल. हे झालं नुसत्या सेल्फच्या जोरावर. दोन सेकंद सेल्फ चालला की गाडी जवळपास मीटरभर पुढे गेलेली असते, आणि पार्किंगमध्ये पुढची भिंत किंवा पुढची गाडी बऱ्याचदा तेवढ्याच अंतरावर असते.

खरा धोका इंजिन पेटल्यावर सुरू होतो. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं, म्हणजे सेल्फच्या चौपट. त्याच हिशोबाने गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने चालायला लागेल. माणूस झपझप चालतो त्याहून हे थोडं जास्तच. गाडी झटका खाऊन बंद पडेल, असं अनेकांना वाटतं. कधी पडेलही. पण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात आयडल सांभाळणारा संगणक असतो. फेरे कमी होत आहेत असं दिसलं की तो हवा आणि इंधन वाढवून इंजिन जिवंत ठेवायची धडपड करतो. शिवाय पहिल्या गिअरात इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) चौदापट होऊन चाकांपर्यंत पोचतो. डिझेल इंजिनाला तर खालच्या फेऱ्यांवरच भरपूर जोर असतो. ढिला हँडब्रेक अशा वेळी गाडी धरून ठेवेल, या भरवशावर राहू नये.

हा धोका मोटारगाडीइतकाच जुना आहे. हँडल मारून इंजिन सुरू करायच्या काळात गाडी गिअरमध्ये राहिली, तर ती समोर उभं राहून हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर यायची. चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांवर आला आणि हँडल मारणारा माणूस सीटवर जाऊन बसला. पुढे अनेक उत्पादकांनी क्लचच्या पेडलला एक स्विच जोडला. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) करंट मिळत नाही. गिअर कुठलाही असो, क्लच दाबलेला म्हटल्यावर इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं. इतका साधा आणि इतका भक्कम उपाय गाडीत क्वचितच सापडतो.

रिमोट स्टार्टर बसवताना नेमका हाच उपाय निष्प्रभ करावा लागतो, कारण क्लच दाबायला पायच नसतो. म्हणून रिमोट स्टार्टरचा नियंत्रक डबा, म्हणजे मॉड्यूल, गाडीला 'क्लच दाबलेला आहे' असा खोटा सिग्नल देतं. इथेच कामाची प्रत कळते. हा सिग्नल स्वतंत्र रिलेतून, फक्त रिमोटने सेल्फ मारण्याच्या त्या एक-दोन सेकंदांपुरता दिला पाहिजे. काही जण पेडलखालच्या स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळतात आणि मोकळे होतात. त्यानंतर चावीनेसुद्धा गाडी क्लच न दाबता सुरू होते आणि कंपनीने दिलेलं संरक्षण कायमचं जातं. असं काम कुणी केलं असेल तर ते उलटवून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? मॅन्युअल गाड्यांसाठीच्या मॉड्यूलमध्ये जी पद्धत असते तिला 'रेडी मोड' किंवा 'रिझर्वेशन मोड' म्हणतात, आणि मला ती फार आवडते. न्यूट्रल मोजणारा सेन्सर नसला तरी ती न्यूट्रल सिद्ध करून घेते.

गाडी थांबवायची, इंजिन चालूच ठेवायचं. गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक ओढायचा आणि मग दोन्ही पाय पेडलवरून काढायचे. मोड सुरू करायची खूण प्रत्येक मॉड्यूलची वेगळी असते, कुठे रिमोटचं बटण तर कुठे हँडब्रेक ठरावीक वेळा ओढणं. ती दिली की इग्निशनचा ताबा मॉड्यूल घेतं. आता चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. आपण उतरायचं, दारं लावायची, रिमोटने लॉक करायचं. सगळी दारं बंद झाल्याची खात्री पटली की मॉड्यूल स्वतः इंजिन बंद करतं.

यातलं तर्कशास्त्र बघा. क्लच सोडलेला आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि तरीही इंजिन निवांत चालू आहे. गिअर पडलेला असता तर गाडी तिथेच हिसका देऊन बंद पडली असती किंवा पुढे सरकली असती, तेही चालक आत बसलेला असताना. म्हणजे चालू असलेलं इंजिन हाच न्यूट्रलचा पुरावा. नंतर दार उघडून माणूस बाहेर आला, दार लागलं, आणि त्या क्षणापर्यंत इंजिन चालू होतं. रिकाम्या, बंद गाडीत गिअर हलवणारं कोणी उरलेलं नाही. पोलिसांनी पंचनामा करून खोलीला सील ठोकावं, तसा हा प्रकार आहे: सील शाबूत असेपर्यंत आतली परिस्थिती जशीच्या तशी मानायची. कुठलंही दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं, हँडब्रेक खाली झाला, ब्रेक दाबला गेला, की सील तुटलं. मोड रद्द. पुढच्या वेळी रिमोट दाबून काहीही होत नाही. साध्या पद्धतीने चावी फिरवून गाडी बंद केली, तरी रिमोट स्टार्ट चालत नाही. मुद्दाम काही केलं तरच परवानगी, एरवी नकार, हा या रचनेचा गाभा आहे.

पण सील जितकं पक्कं, तितकाच पुरावा पक्का. आणि हे सील असतं दारांच्या स्विचचं, जे धूळ, पाणी आणि वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी बिघडतात. घाईत काम करणारा फक्त चालकाच्या दाराची वायर जोडतो, कारण ती हाताशी असते. मग मागच्या दाराने कोणी आत शिरून पुढे आलं, तर मॉड्यूलला पत्ताच लागत नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे आतल्या दिव्याच्या वायरवरून दाराची खबर घेणं. अनेक गाड्यांत दार लावल्यावरही तो दिवा काही सेकंद रेंगाळून मावळतो, त्यामुळे मॉड्यूलला दार उघडंच वाटत राहतं. ही चूक निदान सुरक्षित बाजूची आहे, गाडी सुरू होत नाही इतकंच. पण त्याला कंटाळून कोणी ती वायरच काढून टाकली, तर मोडचा सगळा अर्थ संपतो.

हँडब्रेकच्या वायरचंही असंच. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लिव्हर एक खाच वर आली की पेटतो. लिव्हर वर आहे, एवढंच ती वायर सांगते. ब्रेक किती घट्ट धरला आहे, हे ती सांगू शकत नाही. चढ-उतारावर गाडी लावताना आपण गिअर टाकून ठेवतो तो याचसाठी. रिमोट स्टार्टला मात्र गाडी न्यूट्रलमध्ये हवी, म्हणजे पूर्ण भार हँडब्रेकवर. लांबच्या प्रवासाने तापलेल्या डिस्क गार होताना आकसतात आणि पकड थोडी सैल होते, हेही लक्षात घ्या. उतारावर हा मोड वापरूच नये. इंजिन बंद करावं, गिअर टाकावा आणि रिमोटचा नाद सोडावा.

आणखी एक पेच थंड प्रदेशातला. रिमोट स्टार्टची खरी मागणी तिथेच, आणि तिथेच कडाक्याच्या थंडीत हँडब्रेकच्या केबलमध्ये किंवा ड्रममध्ये शिरलेलं पाणी गोठून ब्रेक जाम होतो. म्हणून लोक हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतात. ही सवय आणि रेडी मोड एकमेकांच्या अगदी उलट आहेत. घरात ही गाडी दोघं-तिघं चालवत असतील, तर हे प्रत्येकाला नीट समजावून सांगायला हवं.

इंजिन पेटलं हे मॉड्यूलला कळण्यासाठी दोन मार्ग असतात. एक, बॅटरीच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवणं: सेल्फ चालताना ते १० व्होल्टच्या आसपास उतरतं आणि अल्टरनेटर चार्ज करू लागला की १४ च्या जवळ जातं. दुसरा, इंजिनाचे फेरे सांगणारा टॅक सिग्नल, जो इंजेक्टरच्या किंवा इग्निशन कॉइलच्या वायरवरून किंवा गाडीच्या डेटा लाइनवरून मिळतो. व्होल्टेजची पद्धत जोडायला सोपी, पण थंडीत बॅटरी थकलेली असली की ती गोंधळते. सेल्फ लवकर सुटतो, किंवा इंजिन पेटल्यावरही चिकटून राहतो. मॅन्युअल गाडीत तर टॅक सिग्नल घ्यायलाच हवा. 'इंजिन शेवटपर्यंत चालू होतं' या एका गोष्टीवर न्यूट्रलचा सगळा पुरावा उभा आहे, आणि त्याबद्दल अंदाजावर राहण्यात अर्थ नाही.

चावीतल्या चिपचं काम त्यामानाने सरळ आहे. चावी इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीची अँटेना चिपशी बोलते आणि ओळख पटली तरच इंजिन पेटतं. रिमोट स्टार्टमध्ये ही ओळख एक वेगळं बायपास मॉड्यूल पटवून देतं. पूर्वी जादा चावीच डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवायचे. म्हणजे चोराला चावी गाडीतच मिळायची सोय. आता तशी गरज नाही आणि तसं करू देऊ नये.

स्टार्ट-स्टॉप असलेल्या नव्या मॅन्युअल गाड्यांत चित्र जरा बदललं आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करायचं, तर न्यूट्रल खरोखर ओळखावंच लागतं. म्हणून त्यांच्या गिअरबॉक्सवर न्यूट्रल सेन्सर असतो. मॉड्यूलला ती माहिती वाचता आली, तर तिचा उपयोग जरूर करावा, पण रेडी मोडच्या जोडीला. एक सेन्सर बिघडला तर दुसरी तपासणी हाताशी असलीच पाहिजे.

धुराचा विषय थोडक्यात, पण तो टाळता येत नाही. बंद गॅरेजमध्ये रिमोटने इंजिन सुरू करू नका. गार इंजिनाला इंधन जास्त लागतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत कामाला लागत नाही, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड सर्वाधिक बाहेर पडतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. गॅरेजमधून घरात उघडणारं दार असेल, तर झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो गाठू शकतो.

काम पूर्ण झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी स्वतः चाचणी घ्या. मोकळ्या, सपाट जागी मोड लावा, गाडी लॉक करा. मग एक दार उघडून बंद करा आणि रिमोट दाबा. इंजिन सुरू होता कामा नये. मोड पुन्हा लावा, आता दुसरं दार. असं करत मागची दोन्ही दारं, डिकी आणि बॉनेट, प्रत्येक वेगवेगळं तपासा. मग दार न उघडता खिडकीतून हात घालून हँडब्रेक सोडा, आणि पुढच्या खेपेला ब्रेकचं पेडल काठीने दाबून बघा. यातल्या एकाही वेळी सेल्फ फिरला, तर गाडी तिथेच ठेवा आणि वायरिंग पुन्हा उघडायला लावा.

एक फट मात्र कुठल्याही वायरिंगने बुजत नाही. उघड्या खिडकीतून हात घालून कोणी नुसती गिअरची दांडी ढकलली, तर मॉड्यूलला ते दिसत नाही. लॉक केलेल्या गाडीत मूल किंवा पाळीव प्राणी मागे राहिला आणि त्याचा धक्का दांडीला लागला, तरी दिसत नाही. म्हणून कापडी छताच्या गाडीला हे यंत्र बसवूच नये. बाकीच्या गाड्यांत मोड लावताना चारही काचा पूर्ण वर असाव्यात आणि दार लावण्याआधी मागच्या सीटवर नजर टाकावी.