मधूनच नाहीसा झालेला प्रवासी

बंदराच्या कडेनं ब्राँझचा एक माणूस निघालाय. पायात बूट, हातात बॅग, नजर पुढं. छातीखालून मांडीपर्यंत मात्र काहीच नाही. त्या मोकळ्या जागेतून थेट पलीकडचा समुद्र दिसतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडच्या कितीतरी घरांत मी हा फोटो मोबाइलवर पाहिला आहे. बहुतेकांना ती संगणकावरची करामत वाटते. पण हा पुतळा खरा आहे, ओतीव धातूचा आहे. त्याच्यामागची हकिगत आपल्या भागातल्या माणसांना इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं, म्हणून हे टिपण.

शिल्पकाराचं नाव ब्रूनो कातालानो. जन्म १९६०, मोरोक्कोतल्या खुरिबगा या फॉस्फेटच्या खाणींच्या गावी. घराणं मूळचं सिसिलीचं. ब्रूनो लहान असतानाच कुटुंबानं मोरोक्को कायमचा सोडला आणि फ्रान्समधलं मार्सेय हे बंदर गाठलं. म्हणजे मुळं एकीकडे, जन्म दुसरीकडे, घर तिसरीकडे. पुढं काही वर्षं त्यानं बोटीवर खलाशाची नोकरी केली. मातीला हात लावला तो तिशीत, १९९० मध्ये, मार्सेयमधल्याच एका शिल्पवर्गात.

त्याचे सुरुवातीचे पुतळे अखंड होते. २००४ मध्ये फ्रेंच नाटकातल्या सिरानो या पात्राचा पुतळा करताना कामात दोष निघाला. तो बुजवायच्या ऐवजी त्यानं छाती आणखी कोरली, पोकळी वाढवली. 'प्रवासी' या मालिकेला तिथून आजचं रूप आलं. २०१३ साली मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, त्या निमित्तानं तिथल्या बंदरावर असे दहा पूर्णाकृती प्रवासी उभे राहिले आणि जगभर ओळखीचे झाले.

या दोषाकडे जरा नीट बघायला हवं. ब्राँझचा पुतळा दिसायला भरीव, पण आतून पोकळच असतो. पाऊणशे किलोच्या माणसाएवढा पुतळा भरीव ओतायचा म्हटलं तर साडेसहाशे किलोच्या आसपास धातू लागेल. शिवाय जाड धातू सगळीकडे सारखा निवत नाही, आकसतो, तडकतो. म्हणून आतून-बाहेरून साचा धरून मध्ये जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं मेण ठेवतात, भट्टीत ते वितळवून काढतात आणि त्याच्या जागी रस ओततात. धातू कुठं पोचला नाही, वाफ अडकली, की भोक पडतं. ओतकाम करणारा ते भरून घासून टाकतो. कातालानोनं ते ठेवलं, एवढंच नाही, तर तेच आपलं काम मानलं.

ही मेणाची रीत आपल्याला परकी नाही. संस्कृतात तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून उरलेलं मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त ती सविस्तर आली आहे. मातीत तुसाची राख, बारीक केलेला कापूस आणि थोडं मीठ घालायचं, पहिला थर पातळ द्यायचा, सावलीत वाळवायचा, मग पुढचे थर. मेण आधी तोलून ठेवायचं आणि तांबं-पितळ त्याच्या आठपट, चांदी बारापट, सोनं सोळापट घ्यायचं. वजनाचा हा हिशेब वाचला की पुस्तक लिहिणारा राजा भट्टीजवळ उभा राहिला असणार याची खात्री पटते.

तंत्र जुनं, पण तुटलेलं अंग पूर्ण मानायची नजर अलीकडची आहे. आपल्याकडे मूर्ती खंडित झाली की तिचं विसर्जन करतात. युरोपातही पुतळा म्हणजे अखंड माणूस, हीच समजूत होती. फ्रेंच शिल्पकार रोदँनं डोकं आणि हात नसलेला चालणारा माणूस पूर्ण शिल्प म्हणून मांडला आणि ती समजूत हलली. १९२४ साली पॅरिसमध्ये कवी आंद्रे ब्रेताँनं अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला: स्वप्नाला आणि नेणिवेला मोकळी वाट द्या. शिल्पकार जाकोमेत्ती काही वर्षं या गटात होता, आणि समोर माणूस बसवून पुन्हा काम करू लागला म्हणून १९३५ मध्ये बाहेर पडला. याच गटातल्या चित्रकार दालीनं १९३६ मध्ये व्हीनस या रोमन देवीच्या पुतळ्याच्या अंगाला टेबलासारखे खण बसवले. ती प्लास्टरमधली व्हीनस १९६४ मध्ये ब्राँझमध्ये ओतली गेली. दालीच्याच न्यूटनच्या पुतळ्याचं धड उघडं आहे आणि आत काळीज टांगलेलं आहे. पोट नसलेल्या प्रवाशाचा हा सर्वांत जवळचा पूर्वज.

लंडनमध्ये १९३६ साली अतिवास्तववाद्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरही होता. शिल्पात आरपार भोक पाडून त्या भोकालाही आकार देणारा हा माणूस. त्याचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्प पाहायला परदेशी जावं लागत नाही. खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात ते आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात शाळेच्या सहली येतात, रविवर्म्यासमोर थांबतात आणि मूरसमोरून पुढं सरकतात. मला याचं फार वाईट वाटतं.

कातालानोला सरसकट अतिवास्तववादी म्हणणं मला अर्धंच पटतं. ब्रेताँच्या मंडळींची प्रतिमा स्वप्नातून येई. याची आली हातातल्या कामातल्या चुकीतून आणि स्वतःच्या स्थलांतरातून. त्याच्या माणसांचे चेहरे, कोटाच्या चुण्या, बुटांच्या नाड्या अगदी रोजच्या आहेत. नाहीसं झालेलं आहे ते फक्त मागं राहिलेलं.

आणि इथं खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव हे तालुके मनात येतात. पर्जन्यछायेतला हा मुलूख. टेंभू उपसा योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी इथली माणसं मूस, चिमटे आणि सवागी (टाकणखार) घेऊन गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर पडली. आज देशातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळणारा माणूस पुष्कळदा इकडचाच असतो. पोरं तिकडच्या भाषेत शिकली, घरं इकडे बांधली गेली, आणि ती यात्रेला आठवडाभर उघडतात.

आमच्या नात्यातल्या एका गलाईवाल्या आबांना मी हा फोटो दाखवला. चाळीस वर्षं केरळात भट्टीपुढं बसलेला माणूस. अर्थबिर्थ काही न विचारता त्यांनी विचारलं, "जोड कुठं मारलाय?"

मी सांगितलं, की असे मोठे पुतळे तुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात. धड तुटलेलं असलं तरी खांद्यापासून हात खाली येतो, हातात बॅग, आणि ती पायाच्या बाजूला जोडलेली. वरच्या अंगाचा भार त्या वाटेनं उतरतो.

"म्हंजे बॅगेवर उभा हाय त्यो," आबा म्हणाले. मग चष्मा वर सारून त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बॅगेची मूठ बघत राहिले.