कोनफळाच्या कुळातली गोळी

थंडीत मंडईत कोनफळं येतात. बाहेरून मातकट, केसाळ, वेडीवाकडी. विळीवर चकती काढली की आत गर्द जांभळा रंग आणि हाताला खाजणारा चीक. हे सगळं आठवलं ते आमच्या घरच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डमुळे. नात्यातल्या एका मुलीला एंडोमेट्रिओसिसचं निदान झालं आणि उपाय येऊ लागले: हळदीचं दूध, हळदीच्या कॅप्सूल आणि ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ असलेलं जंगली कंदाचं मलम. हा कंद म्हणजे डायोस्कोरिया, कोनफळाचंच कुळ. मलमाचा दावा खोटा आहे, पण त्यामागची खरी हकिगत मला फार आवडते.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशावर, आतड्यावर, पोटातल्या पडद्यावर रुजतात. इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतात, सुजतात, रक्त सोडतात. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा त्रास आहे, आणि ‘पाळीत दुखायचंच’ असं म्हणण्यात निदानाची कित्येक वर्षं जातात.

या वाढीला लगाम घालतं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन. पण १९४०च्या सुमारास ते सोन्याहून महाग होतं. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला मेक्सिकोतल्या वेराक्रुझ भागात एक जंगली कंद मिळाला. त्यात डायोसजेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा सांगाडा प्रोजेस्टेरॉनसारखाच: तीन षटकोनी कड्या, एक पंचकोनी. फरक मुख्यतः शेपटीत. डायोसजेनिनमध्ये कार्बन २७, प्रोजेस्टेरॉनमध्ये २१. म्हणजे सहा कार्बन छाटायचे, पण सांगाड्याला धक्का न लावता! मार्करने ॲसेटिक अनहायड्राइडबरोबर तापवून शेपटीतली कडी उघडली. मग क्रोमिक आम्लाने नेमका तिथला दुहेरी बंध तोडला, की सुटलेला तुकडा आम्लात गळून पडतो. उरलेल्या रेणूत एका जागी हायड्रोजन घालायचा, दुसऱ्या जागी ऑक्सिडेशन करायचं, की झालं प्रोजेस्टेरॉन.

तरी एक अडचण राहिली. प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर यकृत त्यातलं बहुतेक मोडून टाकतं. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ जेरासी, रोझेनक्रान्झ आणि २६ वर्षांचा मिरामोंतेस यांनी यावर तोड काढली. कंदापासून मिळालेल्या मालातून त्यांनी असा रेणू घडवला, ज्यात एक मिथाइल गट कमी होता आणि १७व्या कार्बनवर तिहेरी बंधाची कार्बनजोडी होती. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन वायूत असते तीच. या जोडीमुळे यकृताला तो रेणू चटकन मोडता येत नाही. हेच नॉरएथिस्टेरोन. एंडोमेट्रिओसिसवर ते आजही देतात. आजार त्याने मुळातून जात नाही, पण गाठी मंदावतात, दुखणं कमी होतं.

डायोसजेनिनची शेपटी छाटण्याचं हे काम आपल्या शरीरातलं एकही विकर (एन्झाइम) करू शकत नाही. म्हणून मलम चोळून किंवा कोनफळाची भजी खाऊन प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर दाह कमी करताना दिसतं, पण खाल्लेल्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं. ते वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूल घेऊन काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. हळद फोडणीत असू द्या.

नॉरएथिस्टेरोनचं नाव पुण्यातल्या घरांना तसं नवीन नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला बायका हीच गोळी घेतात, अनेकदा डॉक्टरांना न विचारता. पाळीचा विटाळ असतो, याला शरीरशास्त्रात काडीचाही आधार नाही. आमच्या त्या मुलीलाही आईने दर भाद्रपदात ही गोळी आणून दिली होती. आता डॉक्टरांनी दुखण्यासाठी तीच रोज घ्यायला सांगितली, तर घरात दोन दिवस चर्चा चालली, की हार्मोनची गोळी द्यावी का. मी त्यांना ग्रुपवर भाद्रपदातल्या गोळीची जुनी चिठ्ठी आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो पाठवायला सांगितला. दोन्हींवर नाव एकच होतं. त्या रात्रीपासून तिने गोळी सुरू केली.