वाढवता येणारे जेवणाचे टेबल

एरवी चौघांना पुरणारे, पण जादा फळ्या उघडून किंवा मध्ये बसवून सहा-आठ जणांना सामावणारे टेबल. कोपराला कोपर न लागता जेवायचे तर माणशी सुमारे ६० सेंमी. कड लागते, म्हणजे तेवढ्या रुंदीची एक फळी वाढली की समोरासमोर दोन जागा होतात. ही फळी एरवी कुठे राहते आणि उघडल्यावर तिचा भार कोण पेलते, यावरून या टेबलांचे प्रकार पडतात.

सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे सरकत्या फळ्यांचे टेबल. युरोपात ते १६व्या शतकापासून आढळते. यात दोन फळ्या मुख्य फळीच्या पोटाखाली दडलेल्या असतात आणि प्रत्येकीला खालून निमुळत्या पट्ट्या जोडलेल्या असतात. फळी ओढली की पट्ट्यांच्या उतारावरून ती हळूहळू वर चढते. वरची फळी जराशी उचलली जाते आणि खालची पुरती बाहेर आली की अलगद खाली बसते. दोन्ही एका पातळीत येतात, तेही एकाही बिजागरीशिवाय. सुतारकामातली इतकी साधी आणि इतकी अचूक युक्ती क्वचितच सापडते.

लटकत्या फळ्यांच्या टेबलात कडेच्या फळ्या बिजागरीवर खाली सोडलेल्या असतात. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये त्यांना आधार द्यायला फाटकासारखा फिरणारा पाय रूढ झाला. पुढे हलक्या टेबलांना लाकडी घोडीही (फळीखाली फिरवून काढायचा छोटा आधार) पुरू लागली. कौशल्य दिसते ते सांध्यात. मुख्य फळीची कड बाहेर गोलावलेली आणि लटकत्या फळीची आत पोखरलेली असते, त्यामुळे फळी खाली असतानाही फट दिसत नाही. मात्र बिजागरीची कांडी त्या गोलाईच्या बरोबर मध्यबिंदूवर यावी लागते. थोडी जरी चुकली, तर फळी घासते किंवा फट पडते.

मोठ्या टेबलांत चौकटच दोन्ही बाजूंना सरकते आणि मधल्या जागेत सुट्या फळ्या बसतात. अशा सरकत्या चौकटीचे पेटंट रिचर्ड गिलो यांनी १८०० साली घेतले. रॉबर्ट ज्यूप यांनी १८३५ साली पेटंट घेतलेले गोल टेबल तर पाहत राहावे असे: वरचा भाग फिरवला की त्याच्या पाचरी केंद्रापासून बाहेर सरकतात, मधल्या फटींत जादा तुकडे बसवायचे आणि टेबल गोलच राहून मोठे होते. आजच्या काही टेबलांत फळी दुमडून पोटातच ठेवलेली असते, ती शोधत फिरावे लागत नाही.

फळ्या जुळवायला कडेला खुंट्या व भोके असतात, खालून कड्या लावतात. लांब टेबलाला मध्ये एक पाय हवाच, नाहीतर ते तिथेच वाकते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही; म्हणून जादा फळीच्या रेषा टेबलाच्याच दिशेने हव्यात. तसे नसेल तर दमट हवेत टेबल रुंदावते, फळी तेवढीच राहते आणि कडा जुळत नाहीत. सुटी फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये, ती बाक धरते. अंधाऱ्या कपाटातली फळी रंगानेही वेगळी पडते, कारण चेरीचे लाकूड उजेडात गडद होते आणि अक्रोडाचे फिके. नवे टेबल आणले की पहिले काही महिने फळी टेबलातच राहू द्यावी.