माथ्यावरून समुद्र कधी दिसतो?
अलिबागच्या डोंगरांवर आमच्यासोबत येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

बुकिंगचा फोन आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "वरून समुद्र दिसतो ना?" दिसतो. पण रोज दिसत नाही, आणि ज्या दिवशी दिसतो त्या दिवशीही सकाळी एक दिसतो आणि दुपारी दुसराच. दोन-अडीच तास घाम गाळून वर पोचायचं आणि समोर नुसता पांढरा पडदा, असं झालं की मंडळी आमच्याकडे बघतात. पडदा आम्ही ओढलेला नसतो, पण कोणत्या दिवशी, किती वाजता तो बाजूला असण्याची शक्यता जास्त हे आम्हाला सांगता येतं. ते यायच्या आधीच कळलेलं बरं, म्हणून हा कागद.

उंची कमी, चढ पुरेपूर

आम्ही मुख्यतः दोन डोंगरांवर नेतो. एक खंडाळे गावावरून सागरगड आणि दुसरा मापगावचा कनकेश्वर. दोन्ही साधारण चारशे मीटरच्या आतबाहेरचे. पुण्याकडची मंडळी हा आकडा ऐकून हसतात. सिंहगड तेराशे मीटर, मग हे काय! पण सिंहगडाचा पायथाच मुळात सातशे मीटरच्या आसपास आहे. इथे गाडीतून उतरता तेव्हा तुम्ही समुद्राच्या पातळीच्या जरासेच वर असता. जेवढी उंची तेवढी सगळी पायांनीच चढायची.

शिवाय इथली हवा दमट. घाटावर घाम येतो आणि वाळतो, त्याने अंग थंड होतं. इथे तो वाळतच नाही, शर्ट पिळून काढावा लागतो. रोज दहा किलोमीटर पळणारा एक तरुण गेल्या मार्चमध्ये सागरगडाच्या निम्म्या वाटेवर मटकन बसला. त्याने पाण्याची एकच बाटली आणली होती आणि ती पहिल्याच चढाला संपवली होती. तेव्हापासून माणशी तीन लिटर पाणी आहे का ते आम्ही पायथ्याशीच बघतो. सॅक उघडायला सांगितली तर राग मानू नका.

आमची मोजपट्टी

चारशे मीटरवरून समुद्राचं क्षितिज हिशेबाने सत्तरेक किलोमीटरवर असतं. प्रत्यक्षात नजर कुठवर जाईल ते हवेवर. ते मोजायला आमच्याकडे यंत्र नाही, पण सागरगडाच्या माथ्यावरून तीन खुणा आहेत.

पहिली खूण कुलाबा किल्ला, सात-आठ किलोमीटरवर. ओहोटी असेल तर किल्ला आणि अलिबागचा किनारा यांच्यामधली ओली जमीन चकाकते, आणि तिच्यावरून चालत जाणारी माणसं मुंग्यांएवढी दिसतात (दुर्बीण आमच्याकडे असते). दुसरी खूण खांदेरी आणि उंदेरी ही बेटं, बारा-पंधरा किलोमीटरवर. तिसरी मात्र समुद्राकडे पाठ केल्यावर: ईशान्येला कर्नाळ्याचा अंगठा, म्हणजे कर्नाळा किल्ल्यावरचा अंगठ्यासारखा सुळका, तीसेक किलोमीटरवर.

नुसता कुलाबा दिसला तर तो दिवस बेताचा. खांदेरीची तटबंदी आणि दीपगृह वेगवेगळं ओळखू आलं तर चांगला. कर्नाळ्याचा अंगठा, त्याच्या अलीकडे-पलीकडे माणिकगड आणि प्रबळगड असं सगळं एका नजरेत आलं तर तुमचं नशीब. असे दिवस वर्षात मोजकेच, आणि ते नेमके शनिवार-रविवारी येत नाहीत. जमल्यास मधल्या वारी या, असं आम्ही म्हणतो ते गर्दीसाठी नाही, ह्यासाठी.

कोणत्या महिन्यात काय

सगळ्यात स्वच्छ हवा पाऊस ओसरताना मिळते, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. चार महिने धुतलेली हवा, त्यात आदल्या रात्री एखादी जोराची सर पडून गेलेली असली की सकाळी बेटांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या दिसतात. गवत अजून हिरवं असतं. मात्र वाट निसरडी, कातळावर शेवाळ, आणि दुपारनंतर वीज-गडगडाटाची भीती. त्यामुळे ह्या दिवसांत अकराच्या आत माथा सोडायचा हा आमचा नियम आहे, आणि तो मोडायला आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत लोकांची झुंबड असते, कारण चालायला गार वाटतं. चालायला खरोखरच छान. पण नजाऱ्याच्या दृष्टीने हा काळ थोडा फसवा आहे. पहाटे खाली धरमतरच्या खाडीवर धुक्याची गोधडी पसरलेली असते, ती वरून फारच सुंदर दिसते. पण ऊन चढलं की धुकं विरतं आणि त्याच्या जागी धूळ-धुराचा एक करडा थर उरतो. थंडीत हवा खालीच दाबून राहते, त्यामुळे तो थर हलत नाही. तेव्हा थंडीत आलात तर पहाटेच चढा. नऊनंतर पोचणाऱ्याला त्यातलं निम्मंच मिळतं.

फेब्रुवारीपासून वणवे आणि शेतात भाजलेला राब (भाताच्या रोपांची जागा भाजायला जाळलेला पालापाचोळा) ह्यांचा धूर. मार्चनंतर आम्ही फक्त सूर्योदयाचीच चाल ठेवतो. मे महिन्यात समुद्र आणि आकाश ह्यांच्यामधली रेघच पुसली जाते, पण करवंदं आणि जांभळं असतात. ज्यांना नजाऱ्यापेक्षा ती प्यारी त्यांनी जरूर यावं. जून ते ऑगस्ट ढग डोंगरावरच बसलेले असतात. तेव्हा येणारे धबधब्यासाठी येतात, आणि प्रशासन काही वेळा धबधब्यांवर जायला बंदी घालतं. बंदी असताना आम्ही नेत नाही. "मागच्या वाटेने न्या ना" असं कृपया सुचवू नका.

सकाळ की संध्याकाळ?

समुद्र पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त बघायचा, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. सूर्यास्त सुंदर असतोच. पण तुम्हाला समुद्र *बघायचा* असेल तर सकाळीच या. सूर्य पाठीशी असतो, उजेड समोरच्या पाण्यावर पडतो, होड्या, बेटं, किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या सगळं नीट उलगडतं. सूर्योदयानंतर थोडा वेळ आपण उभे आहोत त्या डोंगराची सावली खालच्या भातखाचरांवर पसरलेली असते आणि बघता बघता आखडत पायथ्याशी येते. हे फोटोत कुणी दाखवत नाही, पण आमच्या जुन्या ग्राहकांना तेच आठवतं.

चार वाजल्यानंतर पाण्यावर नुसता चकचकाट. खांदेरी-उंदेरी काळ्या ठिपक्यांसारखी. उलट तेव्हा ऊन पूर्वेकडच्या डोंगरांवर पडतं, म्हणून कर्नाळा-प्रबळ बघायचे तर दुपार कलल्यावर. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, अकराच्या सुमारास तो पडतो आणि थोड्याच वेळात खारा वारा सुटतो. तो आला की अंगाला बरं वाटतं, पण हवेत ओल वाढते आणि दूरचं दिसणं कमी होतं.

सागरगड

अलिबागहून पेणच्या रस्त्याला सहा-सात किलोमीटरवर खंडाळे. तिथून धबधब्याच्या बाजूने वाट चढते, सिद्धेश्वरापाशी पहिला मोठा थांबा, मग माची. माचीवरच्या एका घरी आमचा चहा ठरलेला असतो. त्या घरात फोटो काढायचे तर आधी विचारा. माचीनंतर चढ संपल्यासारखा वाटतो आणि मोकळा माळ लागतो. नोव्हेंबरमध्ये ह्याच माळावर कुसळं असतात. सुती ट्रॅकपँट आणि लोकरी मोजे घालून आलेला माणूस घरी जाऊन अर्धा दिवस कुसळं वेचत बसतो. कापड गुळगुळीत असू द्या.

किल्ल्यात पडकी तटबंदी, पाण्याची टाकी आणि शेवटी वानरटोक हा सुळका, समोर तुटलेला कडा. नजारा इथलाच. पुरंदरच्या तहात (१६६५) महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले त्यांत हा एक होता. इतक्या आत डोंगरावर किल्ला कशाला, असा प्रश्न पडत असेल तर वानरटोकावरून मुंबईच्या दिशेने बघा. खाडीचं मुख, किनारा आणि बेटं एकाच वेळी डोळ्यांखाली येतात. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज जहाजं घेऊन धावले आणि शेजारच्या उंदेरीवर जंजिऱ्याचा सिद्दी जाऊन बसला. एवढ्याशा दगडांसाठी इतकी झुंज का, हे पुस्तकात कळत नाही, इथून कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे.

कड्यापासून चार पावलं मागे उभं राहायचं. सेल्फीसाठी पाठमोरं सरकणं बंद. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं, म्हणून अत्तर, डिओ मारून येऊ नका आणि वर धूर करू नका. सिगारेटसुद्धा नाही.

कनकेश्वर आणि कोर्लई

कनकेश्वरला सातशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. वाट चुकायचा प्रश्नच नाही, बरीचशी सावलीत, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांना आम्ही हाच डोंगर सुचवतो. पण एक सांगून ठेवतो: माथ्यावर झाडी दाट आहे. मंदिर, पुष्करणी, गारवा, शांतता हे सगळं वर. नजारा मात्र वाटेवर, झाडी जिथे फाकते तिथून. खाली थळचा खत कारखाना, त्याच्या पलीकडे किनारा आणि खांदेरी, आणि हवा चांगली असेल तर उत्तरेला मुंबईच्या इमारतींची पुसट रांग. कारखाना दिसतो म्हणून काही जण नाराज होतात. तो तिथे आहे, आम्ही काय करणार! गुडघे दुखत असतील तर चढण्यापेक्षा उतरताना जपा. काठी आमच्याकडे मिळते.

ज्यांना मोठा चढ नको पण दोन्ही बाजूंना पाणी हवं, त्यांच्यासाठी रेवदंड्यापलीकडचा कोर्लई. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतलेला हा किल्ला एका चिंचोळ्या टेकडीवर आहे: एका अंगाला कुंडलिका नदीचं मुख, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. अर्ध्या-पाऊण तासात वर. खालच्या गावात पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली अजून बोलली जाते, ती कानावर पडली तर कान टवकारा, पण बोलून दाखवा म्हणून कुणाच्या मागे लागू नका.

सोबत काय आणाल

पाणी तीन लिटर, टोपी, टॉर्च (पहाटेच्या चालीला), घोट्यापर्यंतचे बूट. नवे कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. मीठ-साखरेचं पाणी आणि ताक आमच्याकडून. नेहमीची औषधं स्वतःची, आणि दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर बुकिंगलाच सांगा, माथ्यावर नव्हे.

वाटेवर दगड उचलून बघायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. फुरसं आणि विंचू ह्यांची घरं तीच. साप चावलाच तर आमचा माणूस करकचून बांधणार नाही, कापणार नाही, चोखणार नाही. तो हातपाय हलू न देता माणसाला खाली आणून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेईल. तेव्हा गोंधळ न करता त्याचं ऐका.

एका वाटाड्यामागे आठ जण, त्याहून जास्त नाहीत. बहुतेक वाटाडे पायथ्याच्या वाड्यांमधले आहेत. त्यांना "ए" म्हणून हाक मारू नका, नाव विचारा.

पैशांचं

दराचा कागद सोबत जोडला आहे. पाऊस, वीज किंवा बंदी ह्यांमुळे आम्ही चाल रद्द केली तर पूर्ण पैसे परत. वर जाऊन धुरकटामुळे काही दिसलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत. वाटाड्याचे पाय तेवढेच दुखलेले असतात. मात्र त्या हंगामात पुन्हा आलात तर आम्ही फक्त वाटाड्याचं आणि चहाचं घेतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन खांदेरीकडे बघतो आणि मग तुम्हाला फोन करतो. दीपगृहाचा दिवा लखलखीत दिसत असेल तर "पहाटे साडेपाचला खंडाळ्याला या" एवढंच सांगू. अंधुक दिसत असेल तर तेही सांगू, आणि मग यायचं की तारीख बदलायची ते तुमच्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत येत असाल तर फोनवरच पोपटीचं (मडक्यात भाजलेल्या शेंगांचं) विचारून ठेवा. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला आदल्या दिवशीच आणावा लागतो.