पटचा वेग आणि गवताची उंची

गोल्फमध्ये होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला ग्रीन म्हणतात, आणि तिथून चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायच्या टोल्याला पट. हे पटिंग शिकायला सुरुवात केली की दोन सल्ले हमखास ऐकू येतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध असतात. एक म्हणतो, होलच्या कडेशी येईपर्यंत चेंडूचा जोर संपत आलेला असावा, म्हणजे तो कुठल्याही बाजूने आत पडतो. दुसरा म्हणतो, पट बिनधास्त मारा. होल चुकलाच तर चेंडू दीड फूट पुढे जाऊन थांबला पाहिजे. दोन्हींच्या मागे मोठमोठे खेळाडू उभे आहेत. हा वाद स्वभावाचा, म्हणजे धाडसी विरुद्ध सावध असा मानला जातो. मला तो तसा वाटत नाही. ग्रीनवरचं गवत गेल्या दीडशे वर्षांत कसं बदलत गेलं ते पाहिलं, की दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर दिसतात.

मुळात पटिंगसाठी वेगळी राखलेली जागा ही कल्पनाच उशिराची. स्कॉटलंडमध्ये लीथला 1744 साली लिहिलेले नियम गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम समजले जातात. त्यातला पहिलाच नियम सांगतो, की पुढच्या खेळीसाठी चेंडू होलपासून एका क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, लांबीच्या आत ठेवावा. म्हणजे जिथे पट करायचा, तिथूनच पुढचा टोलाही मारायचा. चेंडू उचलून ठेवायला चिमूटभर वाळू लागे आणि ती होलच्या आतूनच काढत. दिवस कलेपर्यंत होल खोल झालेला, कडा ढासळलेल्या, भोवतालची जमीन बुटांनी तुडवलेली. गवत कापायचं काम मेंढ्यांकडे आणि सशांकडे. अशा जागी तीस फुटांवरून चेंडू नेमका कुठे थांबेल हे कोण सांगणार? वेगावर ताबा ठेवायचा तर जमीन आज आणि उद्या सारखीच वागली पाहिजे.

ती सारखी वागायला लागली एकोणिसाव्या शतकात, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. 1829 मध्ये स्कॉटलंडमधल्या मसलबराला होल पाडायचं अवजार आलं. 1830 मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने गवत कापण्याचं यंत्र बनवलं. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज कोर्सची देखभाल हाती आल्यावर ओल्ड टॉम मॉरिसने ग्रीनवर वाळूचा पातळ थर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे खड्डे बुजले आणि गवत दाट झालं. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर, हा 1891 साली नियमात आला. चेंडूही बदलत होता: पिसं भरलेला कातडी चेंडू गेला, 1848 च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या वाळवलेल्या चिकाचा आला, शतक संपताना रबरी धागा गुंडाळलेला हॅस्केल आला. हॅस्केल पटरवरून, म्हणजे पट मारायच्या क्लबवरून, आधीच्या चेंडूपेक्षा जास्त जोरात निघे, म्हणून हातांना नवा अंदाज बसवावा लागला.

‘पोहोचलाच नाही तर पडणार कुठून?’ या अर्थाची जुनी स्कॉटिश म्हण ओल्ड टॉमच्या नावावर सांगतात. गंमत अशी, की तो स्वतः छोटे पट आखूड मारण्याबद्दल प्रसिद्ध होता. होल एक यार्ड अलीकडे असता तर आमचे वडील पट मारण्यात उत्तम ठरले असते, असं त्याचा मुलगा म्हणे, असा किस्सा आहे. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सने पुढे या म्हणीला चोख उत्तर दिलं. आखूड राहिलेला चेंडू कदाचित पडलाही असता, हे आपल्याला ठाऊक नसतं. पण होल ओलांडून गेलेला चेंडू पडला नाही, हे मात्र पक्कं ठाऊक असतं, असा त्याचा युक्तिवाद होता. हळू येणाऱ्या चेंडूला होल पूर्ण रुंदीचा मिळतो, वेगात येणाऱ्याला फक्त मधला भाग, हे त्याने अनुभवाने ओळखलं होतं. पुढे भौतिकशास्त्राने त्याला आकडे दिले. सपाट ग्रीनवर होलच्या बरोबर मध्यावर येणारा चेंडू सेकंदाला सुमारे 1.63 मीटरपर्यंतच्या वेगाला आत पडतो, असं ब्रायन होम्स यांनी 1991 मध्ये दाखवलं. मध्यापासून जरा बाजूला सरकलं की ही मर्यादा झपाट्याने खाली येते.

जोन्सच्या काळातल्या पटरकडे एकदा नीट पाहावं. त्याच्या ‘कॅलॅमिटी जेन’ या पटरचं तोंड सुमारे 8 अंश मागे कललेलं होतं, आजच्या पटरचं तीन-चार अंश असतं. गवत उंच असल्याने चेंडू त्यात किंचित रुतून बसे आणि त्याला आधी थोडा उचलून मग घरंगळू द्यावा लागे. मनगटाने टिचकीसारखा मारायचा स्ट्रोकही त्याच गवताचा. बिली कॅस्परने 1959 च्या यूएस ओपनमध्ये 72 होलसाठी फक्त 114 पट घेतले, ते याच मनगटी पद्धतीने. खांद्यांनी लोलकासारखा झुलवायचा आजचा स्ट्रोक सर्रास झाला, तो ग्रीन वेगवान होत गेल्यावर. टिचकी मारायला तिथे जागाच उरली नाही.

आता मधला मोठा टप्पा. 1935 ची यूएस ओपन पेनसिल्व्हेनियातल्या ऑकमाँटला झाली. हेन्री फाउन्सने वसवलेला हा कोर्स मुद्दाम कठोर ठेवलेला, ग्रीन जड रोलर फिरवून घट्ट केलेले. विजेता सॅम पार्क्स चार फेऱ्यांत 299 टोल्यांवर संपला आणि तीनशेच्या आत आलेला तो एकटाच. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिंप्सन होता, मॅसॅच्युसेट्सचा हौशी विजेता. जीन सॅराझेनसारख्या कसलेल्या खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेलेला त्याने पाहिला. ग्रीन अवाजवी वेगवान आहेत, हे त्याला जाणवलं. पण सिद्ध कसं करायचं? घरी जाऊन त्याने लाकडाची एक साधी पन्हाळी बनवली. तिच्यावरून चेंडू नेहमी एकाच वेगाने सुटे आणि ग्रीनवर किती लांब जातो ते मोजता येई.

त्या पन्हाळीकडे पुढची चाळीस वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. 1976 मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेच्या फ्रँक थॉमसने तिची ॲल्युमिनियमची आवृत्ती केली आणि 1978 पासून ती कोर्सच्या देखभालप्रमुखांना मिळू लागली. हाच स्टिंपमीटर. तीन फुटांची पट्टी, मधोमध खोबण, खालच्या टोकापासून 30 इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवून पट्टीचं टोक हळूहळू उचलायचं. पट्टी साधारण वीस अंशांवर आली की चेंडू आपोआप सुटतो आणि सेकंदाला सहा फुटांच्या वेगाने ग्रीनवर उतरतो. तीन चेंडू सोडायचे, ते एकमेकांपासून आठ इंचांच्या आत थांबले पाहिजेत. मग त्याच रेषेवर उलट दिशेने आणखी तीन. दोन्ही सरासऱ्यांची सरासरी फुटांत लिहिली, की तो त्या ग्रीनचा आकडा. 1977 च्या पाहणीत अमेरिकेतल्या 36 राज्यांतल्या 581 कोर्सवर मोजणी झाली आणि सरासरी निघाली सुमारे साडेसहा फूट. आज दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मोठ्या स्पर्धांत बारा फूट ऐकून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

साडेसहा आणि बारा यांत नेमका फरक किती? सपाट जमिनीवर एकाच टोल्याचं अंतर या आकड्याच्या प्रमाणात वाढतं. साडेसहाच्या ग्रीनवर तीस फूट जाणारा पट बाराच्या ग्रीनवर पंचावन्न फूट जाईल. म्हणजे 1960 च्या सुमारास अर्नोल्ड पामर होलवर तुटून पडत असे, तेव्हा चुकलेला चेंडू दोन-तीन फुटांत थांबायची सोय गवतच करून देत होतं. होलपाशी त्याच वेगाने आलेला चेंडू आजच्या स्पर्धेच्या ग्रीनवर परतीचा पाच फुटांचा पट मागे ठेवून जाईल. म्हणून पामरची नक्कल करणाऱ्याने त्याच्या ग्रीनवरचं गवतही सोबत आणायला हवं, असं मी आग्रहाने म्हणेन.

संघटनेचा हेतू स्पर्धा लावण्याचा नव्हता. एकाच कोर्सवरचे अठरा ग्रीन एकसारखे असावेत, एवढ्यासाठी मोजपट्टी दिली होती. पण आकडा हातात आल्यावर क्लबांमध्ये चढाओढ लागली. गवत कापणाऱ्या यंत्राची पाती एक चतुर्थांश इंचावरून एक अष्टमांश इंचाकडे उतरली. तेवढं कापूनही जगेल असं गवत तयार करण्यात आलं. मास्टर्स ही मोठी स्पर्धा भरवणाऱ्या ऑगस्टा क्लबने 1981 च्या मास्टर्सआधी ग्रीनवरचं बर्म्युडा जातीचं गवत काढून बेंट जातीचं लावलं. जुने, जास्त उताराचे ग्रीन मात्र तसेच राहिले आणि त्यांच्यावर वेग चढला. 1998 च्या यूएस ओपनमध्ये ऑलिंपिक क्लबच्या अठराव्या ग्रीनवर पेन स्टुअर्टचा चुकलेला पट थांबेचना, उतारावरून जवळजवळ पंचवीस फूट खाली गेला. 2004 च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्सला सातवा ग्रीन इतका कोरडा झाला, की शेवटच्या दिवशी खेळाडूंच्या गटांमध्ये थांबून त्यावर पाणी मारावं लागलं. स्टिंप्सनने ज्या गोष्टीची तक्रार केली, तिलाच त्याच्या नावाच्या पट्टीने बळ मिळालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दीड फुटांचा सल्ला याच काळातला. नासात काम केलेले डेव्ह पेल्झ यांनी पटिंगचे प्रयोग केले आणि होल चुकल्यास चेंडू 17 इंच पुढे जावा असा निष्कर्ष काढला. त्यामागचं निरीक्षण फार सुंदर आहे. दिवसभर सगळे खेळाडू होलभोवती वावरतात, पण होलच्या अगदी लगत कुणी पाय ठेवत नाही. त्यामुळे कडेला किंचित उंच कडं राहतं आणि त्याच्या बाहेर बुटांच्या ठशांचा पट्टा. हळू आलेला चेंडू या ठशांत भरकटतो. निरीक्षण मी मान्य करतो, इंचांचा आकडा सर्वत्र लावणं नाही. सतरा इंच पुढे जायला साडेसहाच्या ग्रीनवर चेंडू होलपाशी सेकंदाला सुमारे 0.85 मीटरने यावा लागतो, बाराच्या ग्रीनवर 0.63 मीटरने. होलला चेंडूचा वेग कळतो, मागचे इंच कळत नाहीत.

कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांच्या आकडेवारीनंतर अंतराची बाजू आणखी स्पष्ट झाली. व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट पाडतात आणि 33 फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात. लांब पटमध्ये रेषेपेक्षा वेगाची चूक महाग पडते, कारण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: टोला पाच टक्के जास्त बसला की तीस फुटांच्या पटवर चेंडू तीन फूट पुढे. पटरच्या मध्याबाहेर लागलेला चेंडू आखूड राहतो, तीही वेगाचीच चूक. टाच आणि टोक जड करून हा तोटा कमी करायचा विचार कार्स्टन सोलहाइमने 1959 पासून आपल्या पिंग पटरमध्ये उतरवला.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या जमिनीवरची. भारतात लष्करी आणि चहाच्या मळ्यांतल्या कित्येक कोर्सवर ग्रीनऐवजी ब्राउन असत: तेल मिसळून दाबलेली वाळू, पट करण्याआधी ओढून सपाट केलेली. तिथे ग्रेनचा, म्हणजे गवत एका दिशेला कलण्याचा, प्रश्नच नाही. गवताचे ग्रीन आले तेव्हा उष्ण हवेत टिकणारी बर्म्युडा आली, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, तिच्या संकरित जाती. हरळी जमिनीलगत एका अंगाला कलून वाढते. पटच्या रेषेत उभं राहून पाहिलं तर गवत चकाकतं तेव्हा ते आपल्यापासून दूर कललेलं असतं आणि चेंडू पळतो. गडद दिसतं तेव्हा ते अंगावर येत असतं आणि चेंडू आखूड राहतो. होलच्या कडाही वाचाव्यात. ज्या बाजूची कड फाटलेली, तपकिरी दिसते, गवत त्या बाजूकडे वाढतं आहे.

स्टिंपमीटरची एक मर्यादा इथेच उघडी पडते. उताराचा परिणाम निघून जावा म्हणून तो दोन उलट दिशांची सरासरी घेतो, आणि त्याच सरासरीत ग्रेनही पुसला जातो. ज्या ग्रीनवर एका दिशेने दहा आणि उलट दिशेने आठ फूट भरतात, त्याच्या फलकावर नऊ लिहिलं जातं, आणि ग्रेनच्या रेषेत नऊच्या वेगाने जाणारा पट एकही नसतो. हरळीच्या ग्रीनवर खेळणाऱ्या क्लबांनी दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे लावावेत. मोजणारा माणूस ते तसेही लिहून घेतच असतो.