जांभळ्याचं पिवळं झालं, पण राख काय म्हणते?

महाद्वार रोडजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात मी पाव किलो त्रिफळा चूर्ण मागितलं. "चूर्ण कशाला? अख्खी फळं न्या की, घरात कुटून घ्या," मालक म्हणाले. म्हणणं बरोबर होतं. हिरड्याच्या अंगावरच्या शिरा, बेहड्याची गोलाई डोळ्यांना कळते. एकदा दळून वस्त्रगाळ केलं की सगळ्याची तपकिरी पूडच.

हल्ली अशा पुडीच्या डब्यावर 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे अस्थिर रेणूंना शांत करणारा पदार्थ, हा शब्द ठळक छापलेला असतो. तो गुण तपासायची प्रयोगशाळेतली एक पद्धत बघायला फार सुंदर आहे. डीपीपीएच नावाचा पदार्थ मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळं द्रावण होतं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना पडलेला असतो. त्यात हिरड्याचा अर्क टाकला की अर्कातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं), गॅलिक आम्ल वगैरे त्याला हायड्रोजन देऊन टाकतात आणि जांभळा रंग उतरत पिवळा होतो. नळी अर्धा तास अंधारात ठेवायची आणि ५१७ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं. निम्मा रंग घालवायला अर्क जितका कमी लागेल, तितका तो जोरकस.

पण गोम अशी, की चहाचा अर्क घातला तरी रंग उतरतोच. म्हणजे ही चाचणी जोर सांगते, नाव सांगत नाही. त्रिफळ्यात कुणी वापरलेल्या चहाची पूड मिसळली, तर जांभळ्याचं पिवळं होईलच आणि आपण खूश!

म्हणून मला त्या रंगापेक्षा राखेची कंटाळवाणी चाचणी जास्त भरवशाची वाटते. दोन-तीन ग्रॅम चूर्ण मुशीत घालून सुमारे ४५० अंश सेल्सिअसला जाळायचं. आधी धूर, मग काळा कोळसा, शेवटी तळाशी चिमूटभर पांढुरकी राख. ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की वनस्पतीचे स्वतःचे क्षार बहुतेक विरघळतात. गाळणकागदावर उरते ती मुख्यतः वाळू. फळं उघड्या जमिनीवर वाळवली असतील, किंवा वजन वाढवायला माती घातली असेल, तर इथं पकडली जाते. काढा काढून घेतलेला चोथा पुन्हा वाळवून दळला, तर वाळू सापडणार नाही. पण पाण्यात विरघळणारा भाग मोजला की तो फारच कमी भरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघितल्या की लाकडाचा भुसाही लपत नाही. जड धातूंसाठी तर भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मर्यादाच ठरलेल्या आहेत: दशलक्ष भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३.

आणि रंग उतरला म्हणून पोटात गेल्यावरही तसंच घडेल, असं नाही. नळीत जठर नसतं, यकृत नसतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. त्रिफळ्यानं असं होतं असं मी म्हणत नाही. पण 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच' हे समीकरण तिथं साफ कोसळलं.

मी शेवटी अख्खी फळंच घेतली. हिरड्याचे तुकडे लोखंडी कढईत भिजत घातले, तर सकाळी पाणी शाईसारखं काळंकुट्ट. टॅनिन आणि लोह भेटले की असंच होतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांचा काळा रंग कापडावर चढवायची जुनी युक्ती हीच. चूर्णासाठी मात्र बिया काढून फक्त टरफल घ्यायचं असतं. बिया काढल्यावर वजन किती घटतं, हे मालकांनी सांगितलं नव्हतं.